दौलतरावांचं कडूगोड

दौलतराव तुमच्या हातात दारूचा पेला देत आणि लगेच तुमची परीक्षा घ्यायला बसत. इतरत्र दारू पाजली की पिणाऱ्याने काहीही बरळावं, ऐकणाऱ्याने मान डोलवावी, अशी सोय असते. दौलतरावांकडे ती नव्हती. पहिला घोट घशाखाली उतरतो न उतरतो तोच ते आपला वेताचा मोडा पुढे सरकवत, तुमच्या गुडघ्यावर हात ठेवत आणि विचारत, "हं, सांगा. जिभेच्या कोनत्या बाजूले लागलं?"

"छान आहे" हे उत्तर त्यांना चालत नसे. "छान तं गनपतीची आरास असते. मी इचारून राह्यलो, शेंड्याले लागलं, का कडेले, का मांगं? आंधी कडू आलं का गोड? अन् संत्र्याची साल कवा आली?" एकदा त्यांच्या एका पाहुण्याने हात जोडून सांगितलं, "दौलतराव, मला चढली आहे." तर म्हणाले, "चढू द्या ना बाप्पा. चढताना कोनत्या बाजूनं चढली ते सांगा."

मी तेव्हा नुकताच वकील झालो होतो. मूळचा अकोल्याचा, जठारपेठेतला. पण अकोल्यात वकील उदंड झाले म्हणून अमरावतीला आलो, आणि तिथेही तितकेच आहेत हे कळायच्या आत दौलतरावांच्या माडीवर भाडेकरू झालो. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं. कारभार नागपुराहून चाले आणि माझी वकिली जवळजवळ चालतच नसे. त्यामुळे संध्याकाळी परीक्षेला बसायला मी नेहमी मोकळा असे.

दौलतरावांचा धंदा संत्र्यांचा. पिढ्यान्‌पिढ्या भाजीपाला आणि फळं पिकवणारं घर. पण स्वतःच्या बगिच्यापेक्षा दुसऱ्याचे बगिचे पारखण्यात त्यांचं नाव होतं. झाडावर फळ असतानाच बगिच्याचा सौदा व्हायचा, आणि त्या सौद्याआधी दौलतरावांनी एक फोड तोंडात टाकायची, असा रिवाजच पडला होता. फोड चाखून ते जमीन सांगत, विहिरीचं पाणी सांगत, आणि मालकाने पाणी देण्यात आळस केला असेल तर तेही चारचौघांत सांगत. मी हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे. एका बागायतदाराने त्यांना फसवायला दोन बगिच्यांची फळं एका टोपलीत मिसळून आणली होती. दौलतरावांनी दोन फोडी खाल्ल्या आणि म्हणाले, "हे तुह्यं हाय. अन् हे तुह्या साळ्याचं. त्याले इचारून आनलं का?" तो माणूस टोपली तिथेच टाकून गेला.

अशा माणसाचा आणि विलायती दारूचा संबंध आला तो संत्र्याच्या सालीमुळे.

कापूस खरेदीसाठी एक अमेरिकन साहेब अकोल्याला बंगला घेऊन राहत असे. दौलतराव त्याला संत्री पुरवत. एकदा स्वतः टोपली घेऊन गेले तर काय बघतात, साहेब चाकूने सालीची एक पट्टी काढतोय आणि बाकीचं अख्खं संत्रं माळ्याच्या बकरीपुढे टाकतोय. दौलतरावांच्या पायाखालची जमीनच सरकली. ही हकिकत सांगताना इतक्या वर्षांनीही त्यांचा आवाज चढायचा. "वकीलसायब, बकरी फोडी खाऊन राह्यली अन् मानूस सालीकडे पाहून राह्यला! मी म्हनलं, सायब, तुमचं डोकं ठिकानावर हाय ना?" साहेबाने उत्तर न देता त्यांना खुर्ची दिली, आणि ती साल कशासाठी लागते ते करून दाखवलं.

ते जे काही होतं त्याचं फ्रेंच नाव साहेबाने सांगितलं होतं, पण दौलतरावांच्या मते ते नाव घ्यायला आधी दोन पेले प्यावे लागतात. म्हणून त्यांनी त्याचं बारसं केलं: कडूगोड. त्यात तीन दारवा. पहिली बर्बन, म्हणजे अमेरिकेतली मक्याची दारू. ती आतून जाळलेल्या लाकडी पिपात मुरवतात, त्यामुळे तिला काकवीसारखा वास येतो. दुसरी इटलीची, कुंकवासारखी लाल आणि भयंकर कडू. तिसरीही तिकडचीच, झाडपाल्याच्या वासाची गोड द्राक्षाची. प्रमाण दौलतराव बर्बनला पाटील करून असं सांगत: "एक पाटील अन् दोन पाटलीनबाई. पाटील जरासक उंच पाह्यजे. दोघी पाटलीनी सारख्याच, नाही तं भांडन."

मग अकोल्यात दारूबंदी आली. साहेब म्हणाला, हे दुखणं मी एकदा माझ्या देशात भोगलं आहे, आता परक्या मुलखात भोगणार नाही. त्याने गाशा गुंडाळला आणि शिल्लक राहिलेलं बाटल्यांचं खोकं दौलतरावांना भेट दिलं. संत्र्यांच्या टोपल्यांत पाल्याखाली झाकून ते खोकं अमरावतीला आलं, आणि सणासुदीला पाहुण्यांपुढे दौलतरावांचा प्रयोग सुरू झाला.

प्रयोग बघण्यासारखा असे यात शंका नाही. भुशात ठेवलेल्या बर्फाचा एक मोठा खडा ते काचेच्या भांड्यात टाकत. लहान तुकडे चालत नसत. "लहान बरफ लवकर रडते," असं त्यांचं म्हणणं. त्यावर पाटील आणि दोन्ही पाटलीणबाई ओतायच्या आणि लांब दांड्याच्या चमच्याने शांतपणे ढवळायचं. मी एकदा हौसेने ते भांडं हातात घेऊन खळखळ हलवलं, तर ते अंगावरच आले. "ताक हाय का ते? घुसळून काय राह्यले? त्याले झोप लागल्यावानी ढवळा!" भांड्याला बाहेरून घाम फुटला की ते पेल्यात गाळायचं. शेवटी संत्र्याच्या सालीची ताजी पट्टी पेटत्या काडीपाशी धरून पिळायची. सालीतलं तेल चरचरून पेट घेई, बारीक ठिणग्या पेल्यावर पडत आणि बसलेली मंडळी दिवाळीतल्यासारखी "ओहो" करत.

खोक्यातल्या बाटल्या मात्र कधीतरी संपणारच. युरोपात लढाई सुरू झालेली, विलायती माल मिळेना. दुसऱ्या कोणी हा नाद सोडला असता. दौलतरावांनी पोटजाती काढल्या, आणि त्यांना रेल्वेच्या ठेसनांची नावं दिली. साहेबाचं मूळ प्रमाण म्हणजे 'अकोला'. त्यातली कडू पाटलीण निम्मी केली की 'मुर्तिजापूर', ते नवशिक्यांसाठी. कडू बाटली संपत आल्यावर ती राखायला त्यांनी तापावर देतात ते काडेचिराईत भिजवून तो अर्क घातला, ते 'बडनेरा'. कारण इथे गाडी बदलावी लागते. गोड बाटलीही संपत आल्यावर वैद्याकडचं द्राक्षासव आणि वर चमचाभर संत्र्याचा रस, ते 'अमरावती'. आणि उरलीसुरली बर्बन जपून ठेवायची म्हणून तिच्या जागी मोहाची घातली की 'तिवसा'. तिवशाला रेल्वे नाही, सडकेने खड्डे खात जावं लागतं, हे पहिल्या घोटालाच कळत असे.

अकोल्यात बंदी आणि 'अकोला' अमरावतीत मिळतं, ही गोष्ट दडून राहणं कठीण होतं. एकदा अबकारीतले एक गृहस्थ चौकशीला आले. दौलतरावांनी त्यांना मोड्यावर बसवलं आणि 'अकोल्या'पासून सुरुवात केली. गृहस्थ 'बडनेऱ्या'ला गाडी बदलून 'तिवशा'पर्यंत गेले. प्रत्येक ठेसनावर त्यांना जिभेची बाजू सांगावी लागली. जाताना ते म्हणाले की चिराईत जरा जास्त मुरलंय. दौलतराव आठवडाभर त्या माणसाची तारीफ करत होते.

या सगळ्याला घरात विरोध होता, पण तो बोलून दाखवला जात नसे. दौलतरावांची बायको अनसूयाबाई माळकरी. त्या बाटल्यांच्या फडताळाकडे पाठ करून चालत. तरी प्रयोगाच्या दिवशी सांजवात झाल्यावर आमचे उष्टे पेले घासायचं काम त्यांनी कधी गड्यावर सोपवलं नाही. मूलबाळ नव्हतं. नवराबायकोत बोलणं फारसं नव्हतंच. जे होतं ते जेवणावर. दौलतराव पहिला घास घेत, डोळे मिटत आणि निकाल देत: "वरनात हिंग मागून पडला." "वांगं कालचं हाय." "भाकरीचं पीठ घरच्या जात्यावरचं नोय." चौकटीला टेकून उभ्या असलेल्या अनसूयाबाई तो निकाल ऐकत आणि म्हणत, "बरं जी." दर रविवारी दुपारी मी त्यांच्याकडे जेवायला असे. सुरुवातीला मला त्यांची दया यायची. मग लक्षात आलं की निकाल लागेपर्यंत त्या चौकटीपासून हलत नसत, आणि लागल्यावर त्यांचा चेहरा उजळत असे. असं बारकाईने खाणारा नवरा वऱ्हाडात दुसरा कोणाचा होता?

मग एका वर्षी दौलतरावांना मोठा ताप आला. दोन आठवडे भ्रमात होते. उठले ते निम्मे होऊन. आणि उठल्यावर कडूगोडाचं खूळ एकदम वाढलं. सणासुदीचा प्रयोग रोज संध्याकाळी व्हायला लागला. चिराईत आणखी मुरायला लागलं. 'बडनेरा' इतकं कडू झालं की नेहमीची मंडळी मुकाट्याने 'मुर्तिजापूर'लाच उतरायला लागली. आणि तो प्रश्न, जिभेच्या कोणत्या बाजूला लागलं, तो ते पूर्वी गंमत म्हणून विचारत, आता हट्टाने विचारू लागले.

त्याच सुमाराला तिवशाकडचा एक बागायतदार फळं घेऊन आला. दौलतरावांनी फोड तोंडात टाकली, डोळे मिटले, आणि नेहमीसारखं काही बोलण्याऐवजी म्हणाले, "तूच खाय अन् तूच सांग. कोनत्या बाजूले लागलं?" तो बिचारा गोंधळला. म्हणाला, "शेंड्याले गोड लागलं जी, मांगून आंबट."

"आंबट लय का थोडं?"

"थोडं."

"मंग शेवटचं पानी उशिरा देल्लं ना?"

"हो जी! तुमाले कसं कळलं?"

मंडळी वाहवा म्हणाली. माझी वकिली चालत नव्हती तरी उलटतपासणी मला ओळखू येत होती. साक्षीदाराच्याच तोंडून सगळं काढून घेऊन तेच त्याला परत सांगितलेलं होतं.

खात्री पटायला शिरका कारण झाला. अनसूयाबाई जांभळाचा आंबटढाण शिरका घालत आणि द्राक्षासवाच्याच रिकाम्या बाटल्यांत भरून ठेवत. एका संध्याकाळी दौलतरावांनी फडताळातून चुकीची बाटली उचलली आणि दोघांसाठी 'अमरावती' केलं. त्या दिवशी आम्ही दोघंच होतो. त्यांनी शांतपणे ढवळलं, साल पेटवली, घोट घेतला आणि म्हणाले, "वा! आज जमलं." मी घोट घेतला आणि माझे कान बंद झाले. अर्धा पेला शुद्ध शिरका होता.

"दौलतराव, हा शिरका आहे."

ते हसले नाहीत, चिडले नाहीत. पेला तोंडाजवळ नेऊन त्यांनी पुन्हा पुन्हा हुंगला. मग खाली ठेवला. अंगणात अनसूयाबाई तुळशीला पाणी घालत होत्या, तिकडे एकदा बघून ते हळू आवाजात म्हणाले, "तापानं नेलं, वकीलसायब. वासही गेला अन् चवही गेली. सारं माती लागते. एक कडू तेवढं, लय कडू असलं तं, इथं मांगं हल्लक हालते. मंग त्याच्या मांगून कवा कवा गोड असल्यावानी वाटते. म्हनून तं हे रोजचं ढवळून राह्यलो. तुमाले काय वाटलं, मले दारूची हौस आली?"

मला खरोखरच तसं वाटलं होतं. मी म्हटलं, धंद्याचं काय? तर म्हणाले, "धंदा मी लोकायच्या जिभेवर करून घेईन. ते जमते." आणि मग माझा हात धरून म्हणाले, "पन अनसूयेले सांगू नोका. तिच्यासंग मी बोलतो काय? जेवनावर बोलतो. तेवढंच हाय आमचं. तिले कळलं, का यायले काही लागतच नाही, तं ती रांधन कोनासाठी? अन् मी बोलीन काय?"

तोपर्यंत मी या माणसाला एक चैनी, बोलका, गमतीदार घरमालक समजत होतो. त्या संध्याकाळी मला त्यांच्याबद्दल फार वाईट वाटलं, आणि त्या भरात मी मूर्खपणा केला. मी मदत करतो म्हणालो.

आमचा कट असा ठरला. रविवारी पहिला घास मी घ्यायचा आणि वाटीवर बोट वाजवायचं. एक ठोका म्हणजे मीठ कमी, दोन म्हणजे जास्त, तीन म्हणजे तिखट झालं, वाटी जरा फिरवली की हिंगाची चूक. बाकीचे दिवस दौलतराव अंदाजाने काढणार होते. पहिले दोन रविवार निभावले. मी एक ठोका दिला, दौलतरावांनी डोळे मिटून "मीठ कमी" म्हटलं, आणि अनसूयाबाई "बरं जी" म्हणाल्या. मला अशिलाचा खटला जिंकल्याचा आनंद झाला. तो दुसऱ्या कुठल्या मार्गाने मला मिळतही नव्हता.

तिसऱ्या रविवारी ठेच्याने घात केला. हिरव्या मिरचीचं बी टाळ्याला चिकटलं आणि मला ठसका लागला. माझा हात वाटीवर आपटला, वाटी फिरली, पडली, गडगडत पाण्याच्या तांब्यापर्यंत गेली. दौलतराव मन लावून मोजत होते. वाटी थांबल्यावर त्यांनी डोळे मिटले आणि गंभीरपणे म्हणाले, "मीठ जास्त, तिखट जास्त, हिंग मागून पडला, अन्..." त्यांनी एक डोळा उघडून वाटीकडे बघितलं. "अन् एकंदरीत बराच गोंधळ झाला." अनसूयाबाईंनी माझ्याकडे बघितलं, त्यांच्याकडे बघितलं, आणि आत जाऊन माझ्यासाठी गुळाचा खडा आणला. "बरं जी," असं त्या त्या दिवशी म्हणाल्या नाहीत.

दौलतराव आठवडाभर कडूगोडाला शिवले नाहीत. अनसूयेला कळलं, असं त्यांनी मनात धरलं होतं. पुढच्या रविवारी मला माडीवर बोलवायला स्वतः आले आणि जिन्यातच म्हणाले, "आज वाटी जपून."

आम्ही पाटावर बसलो. अनसूयाबाईंनी माझ्या पानात वांग्याची भाजी वाढली. दौलतरावांच्या पानात मात्र वेगळंच होतं. काळपट, चकचकीत, तेल सुटलेलं. माझ्या पानात ते नव्हतं. म्हणजे मी चाखू शकत नव्हतो, आणि चाखलं नाही तर ठोका कसला देणार? मी वाटीकडे बघितलं, दौलतरावांनी माझ्याकडे बघितलं. अनसूयाबाई चौकटीला टेकून उभ्या होत्या.

दौलतरावांनी घास घेतला. डोळे मिटले. बराच वेळ मिटलेलेच राहिले. त्यांचा जबडा आधी भराभर हलत होता, मग सावकाश हलायला लागला. कानशिलापाशी एक शीर उडत होती.

"गूळ," ते म्हणाले. मग जरा थांबून, "गूळ जरासक जास्त झाला."

मी न राहवून त्यांच्या पानातला एक तुकडा उचलला. कारलं होतं. न पिळता, कडू तसंच ठेवून केलेलं. त्यात भरपूर गूळ, आणि बारीक चिरलेली संत्र्याची साल. तोंड कडू झालं, मग गोड झालं, मग साल लागली. आणि गूळ खरोखरच जरासा जास्त होता.

"बरं जी," अनसूयाबाई म्हणाल्या. "उद्या कमी टाकतो." मग माझ्याकडे वळून, "अन् वकीलसायब, ते वाटी वाजवनं आता बंद करा. वाटीले टोले पडून राह्यले."

दौलतरावांनी डोळे उघडले. "तुले कवापासून ठाव हाय?"

"तुमी उठल्यापासून. एक दिस वरनात मी मीठ टाकलंच नोतं. तुमी म्हनले, जास्त झालं."

"मंग बोलली काहून नाही?"

"तुमी सांगान म्हनून वाट पाहून राह्यली होती." त्यांनी पदर सारखा केला. "मंग म्हनलं, रोज सांजच्याले काय ढवळून राह्यले हे? कायच्यासाठी? म्हनून पेले धुताना खाली उरलेल्यात बोट बुडवून पाह्यलं."

माझा घास हातातच राहिला. अनसूयाबाईंच्या गळ्यात माळ होती. कांदालसूण न खाणारी, एकादशीला पाण्यावर राहणारी बाई आमच्या उष्ट्या पेल्यातली दारू बोटाने चाखत होती; आणि तीही एकदा चाखून कळणारी नव्हती, आमची ठेसनं पाच होती.

दौलतरावांनी गावातल्या प्रत्येकाची जीभ तपासली होती, अबकारीवाल्याचीसुद्धा. बायकोला त्यांनी कधी काही विचारलं नव्हतं. त्या फक्त निकाल ऐकत आल्या होत्या. आता दौलतरावांनी पाट पुढे सरकवला, आणि माझ्या देखत, जरा लाजत, विचारलं, "मंग सांग. जिभेच्या कोनत्या बाजूले लागलं?"

नेमकं सांगायचं म्हणून अनसूयाबाई आठवू लागल्या.

"आंधी मांगं," त्या म्हणाल्या. "लय कडू. थुकून टाकावं वाटलं. मंग जराशी थांबली, तं शेंड्यावर गोड आलं."

"अन् साल?"

"साल सरतेशेवटी."

"बरोब्बर," दौलतराव म्हणाले. मग त्यांनी ताट पुढे केलं आणि आणखी कारलं मागितलं.